फ्रेड ड्यूसेनबर्ग आणि मोटारीचा ब्रेक



या पानावर आम्ही दर अंकात एका व्यक्तीचा परिचय देत असतो. संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, खेळाडू असे पुष्कळ जण येथे येऊन गेले. या वेळी मोटारी तयार करणारा एक माणूस आम्ही निवडला आहे. शाळेच्या वार्तापत्रात मोटारींचे काय काम, असे काही पालकांना आणि कदाचित विश्वस्त मंडळींनाही वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेक मुले रोज बस, रिक्षा किंवा घरच्या गाडीने शाळेत येतात. चालकाच्या पायाखालच्या ज्या पेडलवर त्यांचा जीव अवलंबून असतो, ते कसे चालते हे आपण क्वचितच विचारतो. शिवाय या माणसाच्या कारखान्याचे आपल्या इंदूरशी एक नाते आहे. ते पुढे येईलच.

घरात जुनी अँबेसेडर चालविलेले आजोबा असतील तर त्यांना विचारून पाहा. त्या गाडीला थांबवायचे म्हणजे मांडीपासून जोर लावावा लागे. आजची गाडी पायाच्या चवड्याने थांबते. वजनात फार मोठा फरक नसताना असे का व्हावे? याचे उत्तर फ्रेड ड्यूसेनबर्गच्या चरित्रात टप्प्याटप्प्याने सापडते.

फ्रेडचा जन्म ६ डिसेंबर १८७६ रोजी जर्मनीतील लिप्पे प्रांतात किर्शहाइडे या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. आईने १८८५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिका गाठली आणि हे कुटुंब आयोवा राज्यात शेतीच्या मुलखात स्थिरावले. फ्रेडपेक्षा तीन वर्षांनी लहान असलेला भाऊ ऑगस्ट, म्हणजे घरचा ऑगी, हा पुढे जन्मभर त्याच्या बरोबरीने राबला. दोघांपैकी कोणीही इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयाची पायरी चढले नाही. फ्रेड तरुणपणी शेतीची यंत्रे दुरुस्त करीत असे. यंत्र उघडायचे, बिघाड शोधायचा, मोडलेला भाग स्वतः घडवायचा आणि पुन्हा बसवायचा, हीच त्याची शाळा.

त्या काळात सायकलीचे वेड अमेरिकाभर पसरले होते. फ्रेडने सायकली बनविण्याचे दुकान काढले आणि स्वतः शर्यतींतही उतरला. सायकलवाल्याला दोन गोष्टी फार लवकर कळतात. जादा वजन पायांना छळते आणि उतारावर वेग मिळविणे सोपे, तो आवरणे अवघड. पुढे मोटारींच्या कामात या दोन्हीचा विसर त्याला कधी पडलेला दिसत नाही.

सायकलीवरून तो मोटारीकडे वळला. १९०६ मध्ये डे मॉइन शहरातील एडवर्ड मेसन या वकिलाने भांडवल दिले आणि फ्रेडने आखलेली दोन सिलिंडरची मोटार मेसन या नावाने बाजारात आली. पुढे ही कंपनी मेटॅग घराण्याकडे गेली. कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे जे नाव अमेरिकेत घरोघरी पोचले तेच हे मेटॅग. भाऊ मात्र तेथे रमले नाहीत. १९१३ मध्ये त्यांनी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली आणि शर्यतीच्या मोटारी बांधायला घेतल्या. १९१४ च्या इंडियानापोलिस ५०० मैलांच्या शर्यतीत एडी रिकनबॅकरने त्यांची गाडी चालविली आणि ती दहावी आली. हाच रिकनबॅकर पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा नामांकित वैमानिक झाला. युद्धकाळात ड्यूसेनबर्ग बंधूही न्यू जर्सीत विमानांच्या इंजिनांचे काम करीत होते.

आता थोडे थांबून त्या वेळच्या मोटारींना ब्रेक कसे असत ते पाहू. ते समजल्याशिवाय फ्रेडने काय केले त्याचे मोल कळणार नाही.

१९१० ते १९२० च्या दरम्यानच्या बहुतेक मोटारींना फक्त मागच्या दोन चाकांना ब्रेक असे. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांडे किंवा तारा गेलेल्या असत. पाय दाबला की दांडा ओढला जाई आणि चाकावरचा पट्टा किंवा ड्रममधील शू घासू लागे. यात दोन मोठ्या अडचणी होत्या. गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते. बस अचानक थांबली की उभी माणसे पुढे जातात, तसेच. मागची चाके हलकी होतात, आणि ब्रेक नेमका त्या हलक्या झालेल्या चाकांनाच! दुसरी अडचण दांड्यांची. डाव्या-उजव्या बाजूंची लांबी थोडी जरी कमी-जास्त झाली तरी एक चाक आधी धरते, दुसरे मागाहून. गाडी एका बाजूला ओढली जाते. मेकॅनिकला पाना घेऊन दोन्ही बाजू पुन्हापुन्हा जुळवाव्या लागत.

पुढच्या चाकांना ब्रेक लावावा, हे अनेकांना सुचले होते. पण पुढची चाके वळतात. वळणाऱ्या चाकापर्यंत दांडा न्यायचा कसा? शिवाय पुढे ब्रेक लावला तर गाडी तोंडावर आपटेल किंवा घसरेल, अशी भीती मोठमोठ्या लोकांच्या मनात होती.

दांड्याऐवजी द्रव वापरावा, ही यावरची युक्ती. विज्ञानाच्या पुस्तकातील पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. नळी वाकडी असो, लांब असो, चारही चाकांवर दाब एकच. डावे-उजवे जुळविण्याची कटकट उरत नाही. अमेरिकेत माल्कम लॉगहेड याने १९१७ मध्ये अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. पुढे लॉकहीड हे नाव ज्यामुळे गाजले तो हाच. फ्रेडने आपल्या गाड्यांसाठी स्वतःची रचना केली. ग्लिसरीन आणि पाण्याचे मिश्रण पुढच्या पोकळ आसातून आणि चाक ज्या खिळीवर वळते त्या खिळीतून थेट चाकापर्यंत नेले. वळणाऱ्या चाकाचा प्रश्न त्याने असा सोडविला. चामड्याच्या वायसरी वापरून हा द्रव गळू न देणे म्हणजे काय दिव्य असेल, ते जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांनाच कळेल.

या ब्रेकची परीक्षा जुलै १९२१ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्स येथे झाली. फ्रेंच ग्रँड प्री ही त्या काळची सर्वांत मानाची शर्यत. कोणत्याही अमेरिकन गाडीने ती तोवर जिंकली नव्हती. ड्यूसेनबर्गच्या गाड्यांना चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. सरावातच जिमी मर्फी या चालकाची गाडी उलटली आणि त्याच्या बरगड्यांना मार लागला. तरीही छातीला पट्ट्या बांधून तो शर्यतीला बसला. रस्ता इतका उखडला होता की पुढच्या गाडीच्या चाकांखालून उडालेले दगड मागच्यांना लागत होते. शेवटी मर्फीचा रेडिएटर फुटला, एक टायरही गेला. सुमारे ५१७ किलोमीटर अंतर त्याने सर्वांत आधी पार केले आणि दुसरा आलेला राल्फ डी पाल्मा त्याच्यामागे जवळजवळ पंधरा मिनिटांनी पोचला. विजयाचे श्रेय अर्थात मर्फीच्या हिमतीला. पण वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग न सोडणे त्याला परवडले ते ब्रेकच्या भरवशावर. चांगला ब्रेक असलेली गाडी एकूणच जास्त वेगाने जाऊ शकते, ही मजेशीर गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या कारखान्यातून ड्यूसेनबर्गची मॉडेल ए ही गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. एका ओळीत आठ सिलिंडर, ८८ अश्वशक्ती आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. विक्रीसाठी तयार होणाऱ्या प्रवासी मोटारीत असे ब्रेक पहिल्यांदाच आले. शर्यतीत वापरलेली गोष्ट सामान्य चालकाच्या पायाखाली आली, हे आम्हाला फ्रेडचे सर्वांत मोठे काम वाटते. पुढच्या काळात त्याची अधिक देखणी गाडी आली आणि सगळी कीर्ती तिनेच नेली, तो भाग वेगळा.

व्यापारात मात्र हे भाऊ कच्चेच. गाडी न्यूयॉर्कला १९२० च्या अखेरीस दाखविली आणि ती बाजारात यायला वर्ष गेले. फ्रेडचा स्वभाव असा की तयार झालेली वस्तूही त्याला आणखी सुधारावीशी वाटे. सहा-साडेसहा हजार डॉलर किमतीची ही गाडी पाच-सहा वर्षांत सुमारे साडेसहाशेच खपली. दरम्यान १९२४ मध्ये क्रायस्लर कंपनीने रबरी वायसरी वापरून गळती आटोक्यात आणली आणि पुष्कळ स्वस्त गाडीत चार चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक दिले. मार्ग फ्रेडने दाखविला, फायदा दुसऱ्याने घेतला. हेन्री फोर्ड तर लोखंडी दांड्यांवरच विश्वास ठेवून होता. त्याच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलपासून मिळाले. त्याचा आक्षेप अगदीच चुकीचा होता असेही नाही. द्रवाची नळी एकच असली आणि ती फुटली, तर पेडल फळीपर्यंत खाली जाते आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. त्यावर दोन स्वतंत्र नळ्यांचा तोडगा अमेरिकन गाड्यांत सर्रास आला तो १९६७-६८ मध्ये.

शर्यतींत ड्यूसेनबर्गचे नाव गाजतच होते. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. १९२५ मध्ये पीटर डी पाओलोने सरासरी ताशी १०० मैलांहून अधिक वेग राखला. या शर्यतीत तसे पहिल्यांदाच घडले. पण चषकांवर कारखाना चालत नाही. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला एकच काम सांगितले : जगातील सर्वांत उत्तम मोटार तयार कर.

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मॉडेल जे लोकांसमोर आली. जवळजवळ सात लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. समोरच्या फळीवर इतर घड्याळांबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखविणारे आणि ब्रेकमधील दाब दाखविणारेही घड्याळ होते. ब्रेकचा दाब चालकाला डोळ्यांनी दिसावा, असे फ्रेडलाच सुचावे! नुसत्या चासीची किंमत साडेआठ हजार डॉलर. त्यावर बॉडी ग्राहकाने आपल्या आवडीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची.

येथे पेडलचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बॉडीसकट ही गाडी दोन टनांहून जड होई आणि ताशी शंभर मैलांच्या पुढे जाई. असे वजन अशा वेगातून आणायचे तर हायड्रॉलिक ब्रेक असूनही पायाला फार जोर पडे. म्हणून १९२९ च्या सुमारास या गाड्यांना व्हॅक्यूम बूस्टर बसू लागला. ही कल्पना फ्रेडची नव्हे. बेल्जियमचा अल्बेर द्वांद्र याने असा बूस्टर १९२७ च्या सुमारास तयार केला होता आणि अमेरिकेत पियर्स-ॲरो कंपनीने १९२८ मध्ये आपल्या गाडीत तो आणला. त्याही आधी, १९१९ मध्ये, हिस्पानो-सुइझा गाडीत गाडीच्या स्वतःच्या गतीचा जोर ब्रेकला देणारी यांत्रिक योजना होती आणि रोल्स-रॉइसने ती परवाना घेऊन वापरली.

साध्या ब्रेकचे पेडल आणि बूस्टरचे, म्हणजे पॉवर ब्रेकचे पेडल यांत फरक काय, ते आता पाहू. ड्यूसेनबर्गच्या काळचा बूस्टर वेगळ्या घडणीचा होता. आम्ही सांगतो ती रचना १९५० नंतरच्या गाड्यांतील आहे. तत्त्व तेच.

पेडल ही एक तरफ आहे. वरच्या टोकाला ती खिळीवर लटकते. खिळीच्या थोडे खाली एक दांडी जोडलेली असते, ती मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. सर्वांत खाली आपला पाय. साध्या ब्रेकमध्ये खिळीपासून पायाचे अंतर हे खिळीपासून दांडीच्या अंतराच्या साधारण सहापट ठेवतात. म्हणजे पायाने ३० किलोचा जोर दिला की दांडीवर १८० किलोचा जोर पडतो. मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंच असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. म्हणून नळीत दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलो दाब तयार होतो. मात्र तरफेचा हिशेब चोख असतो. जोर सहापट हवा असेल तर पायाला अंतरही सहापट तुडवावे लागते. म्हणून साध्या ब्रेकचे पेडल फळीपासून उंच असते आणि बरेच खाली जाते.

पॉवर ब्रेकमध्ये दांडी आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक गोल, पसरट पत्र्याचा डबा असतो. तोच बूस्टर. आत रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा त्याच्या नळकांड्यात अर्धवट पोकळी तयार होते आणि एका पाइपने ती डब्यातील पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचते. पाय दाबला की पडद्याच्या मागे बाहेरची हवा येते. आपल्या सर्वांच्या अंगावर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. इंजिनाची पोकळी पुरती नसते म्हणून त्यातला दोनतृतीयांश धरू. आठ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे पूर्ण मदत मिळते तेव्हा निव्वळ हवाच २०० किलोंहून थोड्या जास्त जोराने ढकलते. मदतीला असा पहिलवान असल्यावर तरफ मोठी ठेवण्याचे कारण उरत नाही. पॉवर ब्रेकच्या पेडलचे प्रमाण साधारण चारपट असते. पायाचे १५ किलो धरले तर ६० पायाचे आणि २०० हवेचे. निम्म्या श्रमात जास्त जोर.

म्हणूनच १९५० आणि ६० च्या दशकांतील अमेरिकन गाड्यांमध्ये, जेथे एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत मिळे, तेथे पेडलकडे पाहूनच फरक ओळखता येतो. पॉवर ब्रेकचे पेडल बहुधा रुंद, खाली बसविलेले, ॲक्सिलरेटरच्या उंचीजवळ असते आणि थोडेच दबते. साधे पेडल अरुंद आणि उंच. जुन्या गाड्यांचे शौकीन येथेच घोटाळा करतात. साध्या ब्रेकच्या गाडीला नुसता बूस्टर आणून लावतात आणि पेडल जुनेच ठेवतात. सहापट तरफ आणि वर हवेचा जोर, मग पाय टेकताच चाके जाम होतात. उलट, बूस्टर काढून टाकला आणि पेडल पॉवर ब्रेकचेच राहिले, तर दगडावर पाय दिल्यासारखे वाटते. पेडल, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे एका मेळाचे असावे लागतात.

घरी एक प्रयोग करता येईल, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि गाडी सपाट जागेवर हँडब्रेक लावून उभी असतानाच. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होत जाईल, कारण डब्यात साठलेली पोकळी संपते. आता पाय तसाच दाबून ठेवून मोठ्यांना इंजिन सुरू करायला सांगा. पेडल आपोआप थोडे खाली जाईल. बूस्टर चालू असल्याची ती खूण. डिझेल इंजिनात अशी पोकळी तयार होत नाही, म्हणून तेथे ती करणारा वेगळा पंप असतो.

पालकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मानपूरच्या घाटासारख्या उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड काहींना आहे. जुन्या, साध्या ब्रेकच्या गाडीत चालकाला निदान पेडल ओळखीचे राही. बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की मदत संपते आणि उरते ती चारपट तरफ आणि आपला पाय. नेमके वळण त्याच वेळी येते.

पॉवर ब्रेकची दुसरी बाजू ओल्या रस्त्यावर दिसते. गाडीला शेवटी थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. ब्रेक फक्त चाकाला थांबवितो. पावसात पकड कमी होते. साध्या पेडलवर पायाला जोर द्यावा लागतो आणि त्या जोरातून चाक कितपत धरले आहे याचा अंदाज येतो. हलक्या पेडलवर तो अंदाज पुसट होतो. चाक जाम होऊन घसरू लागले तरी पायाला उशिरा कळते. ही गोष्ट तेव्हाच्या कारखानदारांनाही ठाऊक होती. त्या वर्षांत स्टट्झसारख्या काही महागड्या अमेरिकन गाड्यांत कोरडा रस्ता, पाऊस, बर्फ यांनुसार बूस्टरची मदत कमी-जास्त करणारी कळ चालकापाशी दिलेली असे.

मॉडेल जे बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते तोच ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मंदीत लाखो लोकांचे काम गेले. पहिल्या हप्त्यात पाचशे गाड्या काढायचा कंपनीचा बेत होता. शेवटपर्यंत तयार झाल्या त्या ४८० च्या आसपास. चित्रपटांतील तारे, धनिक आणि राजेरजवाडे हेच ग्राहक उरले. फ्रेड मात्र आपल्या कामात गढलेला होता. मे १९३२ मध्ये सुपरचार्जर लावलेली एसजे ही गाडी जाहीर झाली. ३२० अश्वशक्ती, म्हणजे मॉडेल ए च्या साडेतीन पटींहून जास्त.

२ जुलै १९३२ रोजी फ्रेड आपलीच एक गाडी स्वतः चालवीत न्यूयॉर्कहून इंडियानापोलिसला घरी परतत होता. पेनसिल्व्हेनियात जेनर्सटाउन गावाजवळ डोंगरातील रस्ता पावसाने ओला झाला होता. गाडी घसरली आणि उलटली. त्याला जॉन्सटाउनच्या रुग्णालयात नेले. जखमांतून तो सावरतो आहे असे वाटत असतानाच न्यूमोनिया झाला. तेव्हा त्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. पेनिसिलिन रुग्णालयांत पोचायला अजून दहा वर्षे होती. २६ जुलैला तो गेला. वय ५५.

चारही चाकांना भरवशाचा ब्रेक देणारा माणूस ओल्या रस्त्यावर गाडी घसरून गेला, याची हळहळ वाटतेच. त्या घसरण्यात ब्रेकचा दोष होता असे म्हणण्याचे काही कारण नाही. जी पकड वाढविण्याचा उपाय तेव्हा कोणापाशीच नव्हता, ती त्या दिवशी सुटली, एवढेच. चाक जाम होऊ लागताच दाब आपोआप सोडणारा आणि पुन्हा धरणारा ब्रेक, ज्याला आपण एबीएस म्हणतो, मोटारींत रुळायला पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. चालकाच्या पायाला जे उशिरा कळते ते तेथे चाकाजवळचा सेन्सर आधी ओळखतो.

फ्रेडनंतर कारखाना पाच वर्षे टिकला. ऑगी हा शर्यतीच्या गाड्या सांभाळीत होता आणि त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या एका ड्यूसेनबर्गवर ॲब जेन्किन्सने १९३५ मध्ये युटा राज्यातील मिठाच्या मैदानावर चोवीस तास सरासरी ताशी १३५ मैलांच्या वेगाने गाडी पळविण्याचा विक्रम केला. १९३७ मध्ये कॉर्डचे उद्योगच डबघाईला आले आणि ड्यूसेनबर्गचे दार बंद झाले. ऑगी १९५५ मध्ये वारला.

शेवटच्या काही गाड्यांपैकी एक आपल्या इंदूरच्या महाराजांची. यशवंतराव होळकर दुसरे यांना नव्या घडणीच्या वस्तूंची जाण होती. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून सजवून घेतला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांनी सुपरचार्जर असलेली ड्यूसेनबर्गची लांब चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन माणसांची उघडी बॉडी बांधवून घेतली. १९३६ च्या सुमारास ती पुरी झाली. रंग नारिंगी आणि काळा. गाडी पुढे अमेरिकेत गेली आणि मोटारींच्या पुस्तकांतून तिची चित्रे आजही इंदूरच्या नावासह छापली जातात. चित्र पाहायला मिळाले तर सर्वांचे लक्ष त्या लांबलचक बॉनेटकडे आणि बाहेर काढलेल्या धुराच्या नळ्यांकडे जाते. चाकांच्या तारांमधून आतले मोठे ब्रेक ड्रमही दिसतात.